निवडक ‘थांब’

३ जानेवारी

ताई,

पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. कान सोडून. कानाच्या डॉक्टरांनी फोनला हात लावायचा नाही असं बजावलंय. डाव्या कानात दिवसभर शिट्टी वाजते आणि उजव्या कानाला ती सोडून बाकी काही ऐकू येत नाही. चाळीस वर्षं स्पीकरच्या भिंतीपुढे उभा राहिलो, आता भोगतोय. म्हणून हा पत्राचा खटाटोप.

बातमी अशी की कंपनी माझ्या गाण्यांचा निवडक संग्रह काढतेय. चौदा गाणी, जाड पुठ्ठ्याचं वेष्टन, आत सोळा पानांची पुस्तिका, मला केस होते तेव्हाचे फोटो. नाव अर्थातच ‘थांब’. त्या गाण्याचं खरं नाव ‘उतरणीचा रस्ता’ होतं हे आता तुझ्या-माझ्याशिवाय कुणाच्या लक्षातही नसेल. आठवड्याभरात लोक दुकानात जाऊन “ते ‘थांब’वालं द्या” म्हणायला लागले आणि तेच नाव पडलं. गिटार भरात आलेली, मधेच ती हाक, ‘थांब!’, सगळं एकदम गप्प, फक्त पायाच्या ड्रमचे चार ठोके, आणि मग माझी गिटार परत येते. त्या चार ठोक्यांवर एका बाईंनी प्रबंध लिहिलाय, एकशे ऐंशी पानांचा. म्हणजे ठोक्याला पंचेचाळीस पानं.

एक बारीकसं काम आहे. सोबतच्या कागदावर भाऊजींची सही घेऊन पाठव. नुसती औपचारिकता. त्या रेकॉर्डिंगला ड्रमवर ते होते, म्हणून कंपनीच्या वकिलाला लागते.

आणि भाऊजी रुसलेत का गं? नव्या वर्षाला फोन केला तेव्हा त्यांना दे म्हटलं, तर आलेच नाहीत. बँड सोडला त्यांनी, शिलाई मशीनच्या दुरुस्तीत रमले ते स्वतःहून, आणि रुसवा माझ्यावर?

तुझा,
बारक्या

•

११ जानेवारी

बारक्या,

अठ्ठावन्न वर्षांचा घोडा झालास तरी सही ‘बारक्या’ करतोस तेव्हा मला बरं वाटतं, आणि लगेच संशयही येतो. तू लाडात आलास की तुझं काहीतरी काम असतं. लहानपणी माझी सायकल हवी असली की तू मला आधी पाणी आणून द्यायचास.

संग्रहाचं ऐकून आनंद झाला. पण निवडक म्हणजे काय रे? धान्य निवडतात तसं? मग खडे कुठे टाकले? तुझी मधली ती आठ-दहा वर्षांची गाणी सगळी खड्यांतच गेली असतील.

आता कागदाबद्दल. आपलं दुकान छोटं असलं, अर्ध्यात माझं पॅण्ट आखूड करायचं टेबल नि अर्ध्यात ह्यांच्या उघड्या मशिनी, तरी मला वाचता येतं. कपड्याची उलटी बाजू बघितल्याशिवाय मी कैची लावत नाही. तुझ्या कागदाच्या मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरात, लिहिलंय: ‘मूळ गाण्यातील इतर आवाज वगळण्यास माझी हरकत नाही.’

इतर आवाज? त्या गाण्यात तुझ्याखेरीज एकच आवाज आहे, आणि तो माझ्या नवऱ्याचा आहे. ‘थांब’ तू ओरडलास असं सगळं जग समजतं. समजणारच, तूच दर मुलाखतीत सांगतोस, “ती मी काळाला घातलेली हाक होती.” थांबला का रे मग काळ? तुझ्या केसांकडे बघून तरी तसं वाटत नाही.

आम्ही कधी काही बोललो नाही. हे म्हणायचे, “एक शब्द आहे, घेऊ दे त्याला.” पण वगळायचा म्हणजे काय ते सरळ लिही. कागद माझ्या मशीनच्या खणात आहे, सहीविना.

फोनचं म्हणशील तर ह्यांचा घसा बरा नाही.

ताई

•

१९ जानेवारी

ताई,

वकिलीण व्हायची सोडून तू शिवणकाम का धरलंस कुणास ठाऊक.

बरं, सरळ लिहितो. जुन्या टेपवर त्या हाकेच्या मागे एक खणखणाट आहे, ताटं पडल्यासारखा. आजवर गोंगाटात तो खपून गेला. आता नव्या यंत्रांवर सगळं धुऊन-पुसून काढतात, तर तो खणखणाट उघडा पडला. हाक नि तो आवाज इतके चिकटलेत की एक काढला की दुसरा जातो. म्हणून कंपनीच्या मॅडमनी सुचवलं की हाक मी नव्याने द्यावी. तशीही ती माझीच समजतात. मी दिली. सतरा वेळा. सतरावी घेतली. सोबत नमुना पाठवलाय, ऐक.

आणि खरं सांगू? तुलाच सांगतोय. त्या दिवशी मी धावत होतो. ठेका सोडून गिटार पुढे, उधळल्यासारखी. भाऊजींनी मागून मला दटावलं: थांब! मी घाबरून थांबलो. रीळ संपत आलं होतं, दुसरं नव्हतं, म्हणून तेच राहिलं. ताई, पोरकट चूक केली म्हणून मला मागून कुणीतरी रागावलं, आणि जगाने ते एकतीस वर्षं टाळ्या वाजवून ऐकलं! मैदानात लोक एका सुरात ‘थांब’ ओरडतात ना, तेव्हा प्रत्येक वेळी माझा हात तारांवर अडखळतो. काळ-बिळ मी नंतर जोडला. कुणी विचारलं, काहीतरी सांगावं लागतं.

तेव्हा एकदाचा तो आवाज जाऊ दे. भाऊजींना काय फरक पडतो? दिवसातून शंभर वेळा गिऱ्हाइकाला ‘थांबा’ म्हणत असतील. सही घे ना, ताई. छपाई खोळंबलीय.

तुझा,
बारक्या

•

२ फेब्रुवारी

बारक्या,

तुझा नमुना ऐकला. चोर पळाल्यावर ओरडावं तसं ओरडलायस.

आता नीट वाच. ऐकू येत नाही ही सबब वाचायला चालणार नाही.

ऑगस्टमध्ये ह्यांच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली. स्वरयंत्र काढलं. आवाज गेला. बसला नाही, गेला. आता हे पाटीवर लिहून बोलतात. गिऱ्हाइकाला ‘थांबा’ म्हणत नाहीत, हात वर करतात.

तू म्हणशील, मला का नाही सांगितलं? सांगितलं होतं. तू दौऱ्यावर होतास. मी फोनवर म्हटलं, “ह्यांच्या गळ्यात गाठ आहे रे.” तू म्हणालास, “हो हो, लवकरच गाठ घेऊ!” आणि फोन ठेवलास. आधी रडले, मग हसले, मग दवाखान्यात डबा घेऊन गेले.

शस्त्रक्रियेनंतर महिनाभराने मी घरभर शोधलं. कुठे ह्यांचा आवाज भरून ठेवलेला सापडतो का. लेकीच्या मोबाइलमध्ये सगळ्या समारंभांचे व्हिडिओ आहेत, पण हे असतात ते घेणारे. एका ठिकाणी खोकलेत. एका ठिकाणी कुणीतरी “बोला काहीतरी” म्हणतंय आणि हे हात हलवून “नको” अशी खूण करतायत. बडबड करणाऱ्यांचा आवाज जगाने जपून ठेवलाय, तुझाच बघ ना. आणि ज्याने मोजकं बोलावं त्याचं काहीच राहू नये?

राहिलाय तो एक शब्द. मी दुकानात जुनी कॅसेट लावते. तो शब्द आला की पायडल थांबतं, आपोआप. मग परत शिवते.

आणि तो शब्द तुला नव्हता. मला होता. विसरलास, मी आले होते त्या दिवशी? तू सुट्या तारांचं पाकीट घरी विसरलास, ते द्यायला. तळघरातली ती खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, उकाड्यामुळे दार सताड उघडं. तीन तास उंबऱ्यात उभी होते. तू बघितलंही नाहीस. आणि हे, आपल्याकडे चार वर्षं येत होते पण माझ्याशी मान वर करून बोलायचे नाहीत. ‘या’, ‘बसा’, ‘येतो’, संपलं. मी कंटाळले, पाकीट खुर्चीवर ठेवलं, वळले. तेवढ्यात हाक आली. मी थांबले. नंतर विचारलं, “मला म्हणालात का?” तर ह्यांनी मान हलवली. तीन महिन्यांनी लग्न केलं.

तर तू जो शब्द खोडायला निघालायस, त्यावर माझा संसार उभा आहे. आता माग सही.

ताई

•

६ फेब्रुवारी

ताई,

काय लिहू? कान फुटले होते तेवढं पुरे नव्हतं, अक्कलही फुटली म्हणायची. ‘लवकरच गाठ घेऊ’! मला शरम वाटते. भाऊजींपुढे कुठल्या तोंडाने येऊ?

मी आजच मॅडमना भेटलो. पण पुस्तिका छापून झालीय. तिच्यात पान तीनवर माझं काळाबद्दलचं वाक्य मोठ्या अक्षरात आहे. जुनी हाक ठेवायची तर वकील म्हणतात, आवाज कुणाचा ते लिहावं लागेल. म्हणजे मी एकतीस वर्षं थापा मारल्या हे चारचौघांत कबूल करायचं. ताई, माझ्याकडे आता नवं गाणं नाही. कान नाहीत. हा संग्रह म्हणजे माझा निरोपसमारंभ आहे, आणि निरोपाच्या वेळीच माणसाने चड्डी सोडून दाखवायची?

एक तोड सुचते. बाजारात माझ्या हाकेचा संग्रह जाऊ दे. तुझ्यासाठी मी जुन्या हाकेची एक खासगी प्रत काढून घेतो. चांगल्या डब्यात घालून देतो. चालेल ना?

तुझा,
बारक्या

•

१५ फेब्रुवारी

बारक्या,

मी ठोक्या. बँडमधलं नाव अजून चालतंय का बघतो.

तुझं पत्र आल्यापासून तुझी बहीण मशीनशी बोलते. तुला उत्तर देणार नाही म्हणाली. म्हणून मी लिहितोय. तिला माहीत नाही.

सोबत तुझा कागद आहे. सही केली आहे. तारीख टाकलेली नाही. ती तू टाकायची की नाही ते तू ठरव.

आता खरं काय ते ऐक. डाव्या हाताच्या मोठ्या झांजेच्या स्टॅण्डचा स्क्रू आदल्या दिवसापासून ढिला होता. मी तुला दोनदा सांगितलं होतं, पाना आण. तू तारा विसरलास तसा पानाही विसरलास. गाण्याच्या मध्यावर ते सगळं धूड माझ्या अंगावर कलंडायला लागलं. मी एका हाताने ते धरलं आणि ओरडलो, “थांब!” झांजेला. वस्तूंशी बोलायची मला तेव्हापासून सवय आहे, मशिनींशीही बोलायचो. दुसऱ्या हाताने स्क्रू आवळला. त्याला चार ठोके लागले. पाय मोकळा होता म्हणून चालू ठेवला. तुमचा तो खणखणाट म्हणजे ती झांज. प्रबंधवाल्या बाईंना कळवू नकोस, मेहनत घेतली आहे बिचारीने.

तू धावत होतास हे खरं. पण तू नेहमीच धावतोस. त्याबद्दल ओरडायचं तर मला प्रत्येक गाण्यात ओरडावं लागलं असतं. उगाच एकतीस वर्षं मनाला लावून घेतलंस.

तिला वाटतं तिला म्हटलं. तिने विचारलं तेव्हा मी मान हलवली. तिच्याशी चार शब्द बोलायची चार वर्षं हिंमत होत नव्हती, आणि इथे न बोलता काम होत होतं. कोण सोडेल? आयुष्यात एवढी एकच थाप मारली, पण ती घसघशीत मारली. रोज वाटायचं, सांगून टाकावं. मग म्हटलं, उद्या. आता तर बोलताच येत नाही, आणि असली गोष्ट पाटीवर लिहून सांगायची नसते.

आवाज गेल्याचं मला फारसं नाही. मी असा काय बोलत होतो! पण कॅसेटवर तो शब्द आला की ती शिवण थांबवते, मान तशीच खाली ठेवते. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलेला असतो. माझ्याने बघवत नाही, आणि न बघता राहवत नाही.

तिला वाटतं तसं वाटू दे. तू कुणाला सांगू नकोस. बाकी तुझी मर्जी.

ठोक्या

ता.क. खासगी प्रत नको. आमच्याकडे कॅसेट आहे.

•

४ मार्च

ताई,

उत्तर दिलं नाहीस तरी हे पत्र वाच. रागाने वाचलंस तरी चालेल.

काल कंपनीने पत्रकार बोलावले होते. मॅडमनी मला लिहून दिलं होतं काय बोलायचं ते. मी पान तीन उघडलं, काळाचं वाक्य वाचलं, आणि म्हटलं, “हे मी बनवलेलं आहे. ती हाक माझी नाही.” हॉल गप्प. मला तसंही ऐकू येत नाही, पण तोंडं बंद दिसली. मॅडमचा चेहरा असा झाला की त्यांना खुर्ची द्यावीशी वाटली.

मग कुणीतरी चिठ्ठीवर लिहून विचारलं, मग कुणाची? मी म्हटलं, माझ्या मेहुण्याची. त्या गाण्याचा ड्रमर. आता शिलाई मशिनी दुरुस्त करतो, आणि त्याला आता आवाज नाही. दुसरी चिठ्ठी आली: कुणाला उद्देशून होती?

ताई, मी जरा थांबलो. मग तू मला लिहिलंस ते सगळं सांगितलं. तारांचं पाकीट, उंबरा, तू वळलीस, हाक आली. शेवटी म्हटलं, “ती माझ्या बहिणीला होती.”

एवढ्या टाळ्या मला गिटार वाजवून कधी पडल्या नाहीत. आज सगळ्या पेपरांत माझ्या ‘प्रांजळपणा’वर लेख आहेत! एकतीस वर्षं थापा मारल्या तेव्हा कलावंत होतो, एक दिवस खरं बोललो तर संत झालो. पुस्तिका नव्याने छापताहेत. पान तीनवर तुझी गोष्ट. प्रबंधवाल्या बाईंनी कळवलंय की या माहितीने त्यांचा मुद्दा अधिकच बळकट होतो. कुठला मुद्दा, ते त्यांनाच ठाऊक.

जुनी हाक जशीच्या तशी राहील, खणखणाटासकट. माझी सतरावी हाक मी स्वतः पुसली. तो कागद आता शोधू नकोस, त्याची गरज नाही.

एक मात्र झालंय. यापुढे कुणी त्या हाकेबद्दल विचारलं की मी फक्त ‘पान तीन वाचा’ म्हणणार. मला आता याबाबत फार बोलायचं नाही. का, ते विचारू नकोस.

भाऊजींना सांग, मी या महिनाअखेरीस येतोय. खरोखर गाठ घ्यायला. आणि येताना पाना घेऊन येतोय. त्यांना कळेल.

तुझा,
बारक्या

•

१७ मार्च

बारक्या,

संग्रह आला. वेष्टन छान आहे. फोटोत तुझे केस बघून लेकीने विचारलं, हे कोण?

दुकानात लावला. दोन गिऱ्हाइकं होती, त्यांना म्हटलं, बसा, चेन नंतर बसवते. ‘थांब’ आलं. स्वच्छ, समोर उभं राहून म्हटल्यासारखं. मग ते चार ठोके. मी ह्यांच्याकडे बघितलं, तर ह्यांचा पाय टेबलाखाली चाललेला, अगदी त्याच लयीत. गाणं संपल्यावर पाटीवर काय लिहिलं माहितीये? ‘बारक्या धावतोय अजून.’ आणि मग मला रडू आलं. त्यात लाज कसली?

पान तीन वाचून ह्यांचे कान लाल झाले. तेव्हाही झाले होते.

तर आता ऐक. कागद खणातून नाहीसा झाला तेव्हाच ओळखलं, ह्यांनी तुला लिहिलंय. आणि तू एवढ्या टाळ्या पडूनही गप्प राहतोस म्हणजे काय लिहिलंय तेही ओळखलं. वर पाना आणतोयस! लपवाछपवी तुला कधी जमली नाही. सायकलच्या वेळीही पाण्याचा पेला हातात थरथरायचा.

अरे, मी उंबऱ्यात उभी होते. डोळे शाबूत होते माझे. ती झांज कलंडताना मला दिसली. नसती दिसली तरी कळलं असतं. ह्यांनी तोवर मला कधी ‘अगं’ म्हटलं होतं का? ‘या’, ‘बसा’, ‘येतो’. मित्राची थोरली बहीण ना मी! मला म्हणायचं असतं तर ‘थांबा’ म्हणाले असते. ‘अहो’ लावून. ‘थांब’ म्हणजे एकतर तू, नाहीतर झांज. आणि तुला हे कधी ओरडून बोलले नाहीत.

मी वळून बघितलं. एवढं मोठं धूड अंगावर येतंय, एका हाताने ते धरलंय, दुसऱ्याने आवळतायत, चेहरा घामाने निथळतोय, आणि पाय मात्र ठोका सोडत नाहीये. मी मनात म्हटलं, हा माणूस बरा. ह्याच्या अंगावर काहीही कोसळलं तरी ह्याचा पाय थांबायचा नाही. ऑगस्टपासून रोज तेच बघतेय.

मग विचारलं, “मला म्हणालात का?” थाप मारतायत हे मला दिसत होतं. मारू दिली.

तर मी कुणाच्या हाकेने थांबले नाही बारक्या, माझी मी थांबले. पण हे ह्यांना कधी सांगू नकोस. आपल्या एका शब्दाने मी थांबले असं ह्यांना एकतीस वर्षं वाटतंय. आता तर तो एकच शब्द उरलाय. वाटू दे.

ये लवकर. पाना लहान आण, मोठा दुकानात आहे.

ताई